दोन कार्बोरेटर, दोन कान

४ मार्च, बुधवार

रबरी नळी फुकटात मिळाली असं मी घरात सांगितलंय. खरा हिशेब इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. वॉशिंग मशीनची एक नळी (कापली, दोन तुकडे). बाथरूमभर पाणी. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या छताला ताटाएवढा डाग. मास्तरांचं व्याख्यान, वीस मिनिटं, जिन्यात. हिचा अबोला, दोन दिवस, अजून चालू. एवढ्यात दोन नळ्या. स्वस्तच म्हणायच्या.

नळ्या गाडीसाठी. माझ्या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत, एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी लोण्यासारखी पळते. एकाने जास्त ओढली की अडखळते. सध्या अडखळते. सिग्नल सुटतो, मी ॲक्सिलरेटर दाबतो, आणि गाडी क्षणभर विचार करते. मग जाते. तो क्षण मला आवडत नाही.

आवडत नाही, कारण लेकीची तारीख चोवीस. जावई बोटीवर, महिना संपल्याशिवाय उतरत नाही. हॉस्पिटल मोठ्या चौकाच्या पलीकडे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लेकीला जन्मानंतर याच गाडीतून घरी आणलं, तेव्हा आता तिला नेणार ती याच गाडीतून आणि बाळाला आणणार तेही याच गाडीतून, असं मी जाहीर केलंय. जेवताना, उभं राहून. ही म्हणाली, आधी खाली बसा, आमटी सांडतेय.

संकल्प: आठ दिवसांत गाडी ठणठणीत.

५ मार्च

कोपऱ्यावर गॅरेज आहे. मालकाला मी मीटरवाला म्हणतो. त्याच्याकडे काचेचं एक छोटं मीटर आहे, ते कार्बोरेटरच्या तोंडावर धरलं की किती हवा ओढली जाते ते दिसतं. म्हणाला, काका, आणा गाडी, दहा मिनिटांचं काम. मी म्हणालो, बाबा रे, मीटर बहिऱ्यांना लागतं. मला कान आहेत.

खोटं नाही. चाळीस वर्षं पंपांचं वर्कशॉप चालवलं. शाळा सातवीत सुटली, पण कान सुटले नाहीत. गिऱ्हाईक पंप घेऊन दारात यायचं आणि मी खुर्चीवरूनच सांगायचो, बेअरिंग गेलंय. डाव्या हाताला ग्राइंडर, उजव्या हाताला गिऱ्हाईक, चाळीस वर्षं. तरी कान शाबूत.

मीटरवाला हसून काहीतरी म्हणाला. हल्ली लोक पुटपुटतात फार.

७ मार्च, शनिवार

शोध लावला. सगळे जण एकच नळी वापरतात. आधी पुढच्या कार्बोरेटरपाशी धरतात, ऐकतात, मग मागच्यापाशी. तोवर पहिला आवाज विसरायला होतो. मी दोन नळ्या घेतल्या. पुढच्याची उजव्या कानात, मागच्याची डाव्या कानात. डॉक्टरसारखं. दोन्ही एकाच वेळी! हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही, याचंच नवल.

निदान दोन मिनिटांत. पुढचा जोरात सूंऽऽ करतोय, मागचा मेल्यासारखा. मागच्याचा स्क्रू अर्धा आटा उघडला. तरी मेलेला. एक आटा. दीड आटा. तेव्हा कुठे दोन्ही सारखे झाले. मागचा मुळातच आळशी.

बिल्डिंगभोवती फेरी मारली. अडखळणं किंचित वाढलंय. नवीन सेटिंग अंगवळणी पडायला इंजिनाला वेळ लागतोच.

८ मार्च, रविवार

हात अजून नीट चालत नाही, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

हिला घेऊन निघालो, हॉस्पिटलपर्यंत रंगीत तालीम. मोठा चौक. आमच्या बाजूला सिग्नल नाही, बघून ओलांडायचं. बघितलं. मोकळं होतं. ॲक्सिलरेटर दाबला. गाडी चौकाच्या मध्यावर गेली आणि तिला विचार करायची हुक्की आली. भुस्. एक गचका. दुसरा गचका. आणि डावीकडून टँकर.

टँकरने हॉर्न दिला नाही. ही म्हणते दिला. म्हणते, लांबून देत होता, सारखा देत होता, मीही ओरडत होते, अहो टँकर, अहो टँकर. मी सांगितलं, तू काही ओरडली नाहीस. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही.

गाडी कशीबशी सुटली. टँकर मागच्या बंपरपासून हातभर अंतरावरून गेला. त्याचा वारा मानेला लागला.

मी घाबरलो नव्हतो. हात थरथरत होते ते आयडलिंगमुळे, इंजिन मिस करत असलं की स्टीअरिंग थरथरतंच. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ थरथरतं.

संकल्प: चौकाचा विचार करायचा नाही.

१० मार्च, सकाळी साडेसात

चौकात जाऊन उभा राहिलो. चालत. अंतर मोजलं: या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत एकतीस पावलं. टँकर जाहिरातीच्या बोर्डापाशी दिसायला लागतो आणि तिथून चौकात यायला चार सेकंद घेतो. नऊ टँकर मोजले. एकाने साडेतीन घेतले, तो नालायक असणार. गाडीचं अडखळणं काल घड्याळ लावून मोजलं: दोन सेकंद. चारातून दोन गेले, उरले दोन. दोन सेकंदांत लेक मागच्या सीटवर आडवी, पोटावर हात ठेवून.

इथे पेन खाली ठेवलं होतं.

परत येताना डावीकडून सायकलवाला अंगावर आला. घंटी नाही, काही नाही. वर म्हणतो, आजोबा, कान घरी ठेवून आलात काय? मी म्हणालो, घंटी घरी ठेवून तू आलास. तो म्हणाला, अहो, वाजवून वाजवून अंगठा दुखला माझा.

लोकांना खोटं बोलताना लाज वाटत नाही.

१२ मार्च

कार्बोरेटरच्या डोक्यावर एक पितळी टोपी असते, तिच्यात थोडं तेल लागतं. तेल कमी असेल तर गाडी अडखळते. काढून बघितलं, कमीच होतं! आनंदाने तेल भरलं. अडखळणं जसंच्या तसं. दारावरच्या बेलचे सेलही बदलले, कारण ही म्हणाली दूधवाला रोज तीनदा बेल दाबतो आणि मी पेपर वाचत बसतो. नवे सेल घालूनही आवाज बारीकच. हल्लीचे सेल.

एक गोष्ट लिहून ठेवतो. ही घरात बोलते, स्वयंपाकघरात बोलते, फोनवर तर बोलतेच बोलते. गाडीत बसली की गप्प. माझ्या शेजारी, डावीकडे, खिडकीबाहेर बघत. आज विचारलं, गाडीत तू बोलत का नाहीस? म्हणाली, बोलून बोलून थकले म्हणून. मी म्हटलं, कधी बोललीस? तर हसली. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

१४ मार्च, शनिवार

आज जे झालं त्याने अंगावर काटा आला.

नेहमीप्रमाणे नळ्या लावायला गेलो. लांब नळी आखूड नळीत गुंतली होती. सोडवताना अदलाबदल झाली असावी, पुढच्याची डाव्या कानात गेली, मागच्याची उजव्या. लक्षात आलं नाही. इंजिन सुरू केलं आणि ऐकतो तर काय, मागचा धबधब्यासारखा आणि पुढचा मेलेला! आठ दिवस मी ज्याला आळशी म्हणत होतो तो ठणठणीत, आणि जो ठणठणीत होता त्याने मान टाकलेली.

रोग मागच्यातून पुढच्यात गेला.

चाळीस वर्षांत हजारो पंप उघडले, पण एका पंपाचा रोग दुसऱ्या पंपात गेलेला कधी पाहिला नाही. मी मशीनला घाबरणारा माणूस नाही. पण बॉनेट जरा लांबूनच बंद केलं.

मग विचार केला, पुढच्याचाही स्क्रू उघडू. दीड आटा. दोन्ही सारखे. आता इंजिन उभ्या जागी एवढं पळतं की मास्तर खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, विमानतळ कधीपासून सुरू केलात?

१५ मार्च, रविवार

लेक म्हणाली, बाबा, मला जरा चक्कर मारून आणा, घरात जीव घुसमटतो. तिला शेजारी बसवलं. रस्ता मोकळा, ऊन कोवळं, लेक शेजारी. ती काहीतरी बोलत होती, मी मान डोलवत होतो, हसत होतो. बाप-लेकीच्या अशा गप्पा फार दिवसांनी.

मग तिने माझी हत्यारांची पिशवी उचलली आणि तिच्यात उलटी केली.

घरी आल्यावर म्हणाली, बाबा, मी चार वेळा म्हटलं गाडी थांबवा, मळमळतंय. तुम्ही हसलात. मी म्हणालो, बाळा, माणसाने स्पष्ट बोलावं. ती उठली. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि तिचे ओठ हलताना दिसले, आणि मग ती उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, आत्ता मी काय म्हणाले? मी म्हणालो, अशा परीक्षा मी सातवीत सोडल्या.

दुपारी पडल्या पडल्या, डाव्या कुशीवर, उजवा कान वर, स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू आलं. माझे कान किती तीक्ष्ण आहेत याचा हा पुरावा. लेक हळू आवाजात म्हणत होती, आई, त्यांना सांगणार कोण? ही म्हणाली, मी तीन वर्षं सांगतेय, सांगून उपयोग नाही, त्यांच्या कानांवरच त्यांचं दुकान उभं होतं. लेक म्हणाली, मग मी त्या गाडीत नाही बसणार, मला भीती वाटते गं.

गाडीची भीती वाटते. साहजिक आहे. कार्बोरेटरचं काम लवकर संपवलं पाहिजे.

(कुशीवर कितीतरी वेळ तसाच पडून होतो. एकदा उजवा कान उशीत दाबून बघितला. उगाच. खोलीतलं घड्याळ बंद पडलं. डोकं उचललं, चालू झालं. घड्याळाला तेल द्यायला हवं.)

१७ मार्च

ठरवलं, चौकाची भीती मोडायची. गाडीची. गाडीची भीती मोडायची. सकाळी सहाला, रहदारी नसताना, एकट्याने चौक ओलांडायचा. निघालो. चौकापाशी आलो. पेट्रोल कमी वाटलं. परत फिरलो.

१८ मार्च

चौकापर्यंत गेलो. समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. परत.

१९ मार्च

ऊन नव्हतं. पेट्रोल फुल्ल. रस्त्यावर चिटपाखरू नाही. काच खाली केली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. दिसत काही नव्हतं. पण डावीकडून काही येत असेल तर ते मला दिसेल तेव्हाच कळणार, त्याआधी नाही, असं एकाएकी वाटलं.  मागे दूधवाल्याचा टेंपो येऊन थांबला. त्याने हात वर केले, तोंड उघडलं, मिटलं. मी त्याला आधी जाऊ दिलं. मग आणखी दोघांना. मग रिव्हर्स घेतला.

चौक ओलांडला नाही. दोष गाडीचाच. जी गाडी अडखळते तिच्यावर माणसाने भरवसा ठेवावा कसा?

हिने विचारलं, रोज पहाटे कुठे जाता? म्हणालो, ट्रायल. म्हणाली, टॅक्सीवाल्याचा नंबर फ्रिजवर लावलाय. मी तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. संध्याकाळी पुन्हा फ्रिजवर होता.

२२ मार्च, रविवार

सगळं पहिल्यापासून. दोन्ही स्क्रू मिटवून पुन्हा उघडले. नळ्या खोल खुपसल्या, बाहेरचा आवाज अजिबात नको. उजवा कान आतून खरचटला, ही कापसाचा बोळा घालून देत म्हणाली, आता हाही घालवा. हाही म्हणजे काय, विचारलं नाही.

दोन दिवस राहिले. जेवताना लेकीला सांगितलं, घाबरू नकोस, नातवंडाचा पहिला आवाज मी दाराबाहेरून ऐकणार, आणि रडण्यावरूनच सांगणार मुलगा की मुलगी. बेअरिंग ओळखतो तसं. लेक हसली. डोळे मात्र हसत नव्हते.

२३ मार्च, सोमवार, संध्याकाळी सहा, हॉस्पिटलच्या बाकावरून

क्रमाने लिहितो.

सकाळी अकरा. नळ्या कानात, डोळे मिटलेले, इंजिन चालू. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. आणि मग ते झालं. दोन्ही कानांत अगदी एकसारखं सूंऽऽ. एकच सूर. डोळ्यांत पाणी आलं. किती वेळ ऐकत उभा होतो कोण जाणे, वीस मिनिटं तरी. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम.

इंजिन बंद केलं, कापूस घातला, सांगायला वर गेलो. दाराला कुलूप. कुलपात चिठ्ठी, हिचं अक्षर, घाईतलं: कळा सुरू. गॅलरीतून हाका मारून घसा बसला. फोन नऊ वेळा केला. टॅक्सीने जातोय. टॅक्सी तुमच्या पाठीमागूनच आत आली, त्याने हॉर्नही दिला. गॅस बंद आहे.

मास्तर जिन्यात उभे होते. म्हणाले, अहो, सगळी बिल्डिंग खाली आली होती. म्हटलं, मला कोणी हात का नाही लावला? म्हणाले, लेक म्हणाली राहू द्या, दचकतील.

गाडी काढली. चौकापाशी आलो. ॲक्सिलरेटर दाबला. भुस्. पहिल्यापेक्षा वाईट. इंजिन बंद. आरशात मागच्या गाड्या दिसत होत्या, आणि माणसं, तोंडं उघडून. गाडी ढकलून कडेला लावली. चौक पायी ओलांडला. एकतीस पावलं नव्हती. चोपन्न. पावलं लहान पडत होती.

इथे प्रसूतिगृहाच्या दाराला लागून हा बाक आहे. दार माझ्या डावीकडे. हिला आत घेतलं, मला इथे बसवलं. बसलो. ऐकत होतो. तीन वाजले. साडेतीन. चार. नर्स आत गेली, धावत. दुसरी गेली. मग काहीच नाही. दाराआड काही म्हणजे काहीच नाही.

लेक जन्मली तेव्हा दोन मजले खाली तिचं रडणं ऐकू आलं होतं. बाळ रडतं. रडलं नाही तर काय, हे मला ठाऊक आहे. सव्वाचार. मी दाराकडे बघत होतो, आणि दार गप्प होतं. चार वीस.  मी देवाला म्हणालो, गाडी घे, दोन्ही कार्बोरेटर घे, नळ्या घे. चार पंचवीस. उठून दार वाजवावं असं वाटलं. वाजवलं आणि कोणी उघडून मान हलवली तर?

दार उघडलं. ही. घामाघूम, केस विस्कटलेले, हसतेय. माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, ऐकलंत ना? केव्हाची रडतेय, पंधरा मिनिटं झाली, सगळा मजला डोक्यावर घेतलाय पोरीने!

 तिने माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून माझ्या उजव्या कानातला कापूस काढला.

मुलगी. दणदणीत आवाज.

२६ मार्च

मीटरवाल्याने चौकातून गाडी ओढून नेली होती. आज गेलो. त्याने मीटर लावून दाखवलं: मागचा कार्बोरेटर पुढच्याच्या दुप्पट हवा ओढतोय. मी म्हणालो, शक्य नाही, दोन्ही सारखे केलेत, कानाने. तो म्हणाला, काका, मागचा कुठल्या कानाने ऐकलात?

सांगितलं.

थोडा वेळ तो स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला. मग फिरून माझ्या उजव्या बाजूला आला आणि मोठ्याने, पण चांगल्या आवाजात म्हणाला, मागचा बिचारा निर्दोष होता, काका. त्याच्यावर उगाच आळ आला.

दहा मिनिटं लागली त्याला. खरोखर दहा.

२९ मार्च

बाळाला घरी आणलं, ठरल्याप्रमाणे, याच गाडीतून. मोठ्या चौकात गाडी जराही अडखळली नाही. मीटरवाला चालवत होता. मी मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसलो, म्हणजे बाळ उजव्या कानाकडे आलं. सारा रस्ता ती बारीक आवाजात कुरकुरत होती. ही पुढून सारखं काहीतरी बोलत होती. बरंचसं ऐकू आलं.

३१ मार्च

लेक कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजवा कान ठीक. डाव्याने पस्तीस टक्केच ऐकू येतं. तपासायला त्यांनी मीटर लावलं.